मित्रमंडळींना पाठवायला चांगलं वाचन सुचवा (आवडी सगळ्यांच्या वेगवेगळ्या)

मुलुंडची_मनू

नमस्कार मंडळी.

आमचा शाळेपासूनचा ग्रुप आहे. एकजण वसईला, एक ऐरोलीला, दोघी डोंबिवलीत, एक अजून गिरगावातल्या चाळीत आणि मी मुलुंडला. भेटी होतात त्या कुणाच्या घरी कार्य असेल तेव्हाच. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर, आणि तिथे सकाळची फुलं आणि कुठूनकुठून फिरत आलेले मेसेज यापलीकडे काही उरलेलं नाही. मला ते बदलायचंय. शनिवारी रात्री काहीतरी वाचण्यासारखं पाठवावं, रविवारी त्यावर चार शब्द बोलणं व्हावं, एवढीच इच्छा आहे.

पण आवडींचा मेळ बसत नाही. वसईवाला रेल्वेवेडा. ऐरोलीवाला पहाटे खाडीवर पक्षी बघायला जातो. गिरगावातली मैत्रीण जुन्या मुंबईवर जीव टाकते. डोंबिवलीकर दोघींपैकी एक स्वयंपाकात रमते, पण तिला नुसती कृती नको, असं का होतं ते हवं असतं. दुसरीला ओव्या, जुनी गाणी, बायकांच्या आयुष्याबद्दलचं काहीही. या दोघींना मराठीतच वाचायला आवडतं, इतरांना इंग्रजी चालतं. पैसे भरून वाचायची ठिकाणं नकोत.

काय पाठवू? आणि कसं पाठवू, म्हणजे ते खरंच वाचलं जाईल?

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म

वसईवाल्याचं काम सोपं आहे. 'आयआरएफसीए' ही भारतीय रेल्वेच्या शौकिनांची जुनी साइट आहे, इंग्रजीत. तिथला प्रश्नोत्तरांचा विभाग म्हणजे खजिना. सिग्नल, इंजिनांचे प्रकार, डब्यांवरचे आकडे, सगळं समजावून दिलंय. पण त्याला साइटचा पत्ता पाठवू नका, हरवून जाईल. एकच गोष्ट काढून द्या.

उदाहरणार्थ, धावत्या लोकलमध्ये ठरावीक जागी क्षणभर दिवे-पंखे जातात, हे त्याने कितीदा पाहिलं असेल. तिथे वरच्या तारेत एक छोटा तुकडा बिनविजेचा असतो, न्यूट्रल सेक्शन. एका सबस्टेशनची वीज संपते, दुसऱ्याची सुरू होते, आणि दोन्ही एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये ही जागा सोडतात. गाडी तेवढं अंतर आपल्या वेगावरच काढते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. पुढे टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज आली, मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर हे काम २०१६ मध्ये पुरं झालं. एवढं लिहून खाली संबंधित पानाची लिंक द्या. उघडल्याशिवाय राहणार नाही.

जात्याकाठी

मनूताई, ओव्यांच्या मैत्रिणीसाठी एकच नाव: 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलं. बरंचसं मराठीतही आहे आणि सगळं फुकट.

त्यात जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावी फिरून बायकांकडून गोळा केलेल्या लाखाहून जास्त ओव्या. पारीवर त्या विषयवार येतात: आई-लेक, सासर, विठ्ठल, बाबासाहेब, दुष्काळ. ओवीचे शब्द असतात, गाणाऱ्या बाईचा फोटो आणि गावाचं नाव असतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिचा आवाजही ऐकता येतो. माझं कळकळीचं सांगणं, आधी वाचायला लावू नका, आधी ऐकवा. डोंबिवलीहून सकाळी गाडीत बसल्यावर हेडफोन लावून एक ओवी ऐकू दे, मग मजकुराकडे ती आपण होऊन जाईल. आपल्या आज्या जे गात होत्या त्याला नाव-गाव लावून कुणीतरी जपलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

चाळकरी

गिरगावच्या ताईंना 'आर्ट डेको मुंबई'ची साइट द्या. आर्ट डेको म्हणजे साधारण १९३० च्या दशकातली इमारतींची शैली; मुंबईतल्या अशा इमारतींच्या नोंदी, फोटो आणि लेख आहेत. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट-विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, समोर आर्ट डेकोची रांग, या सगळ्याला मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला हे त्यांना माहीत असेलच. पण खिडक्यांवरचे ते भुवयांसारखे पातळ छज्जे कशासाठी, बाल्कन्यांना जहाजासारखे कठडे का, हे वाचलं की मरीन ड्राइव्हवर चालताना मान वरच राहते.

आणखी खोलात जायचं तर १९०९ चं मुंबई शहराचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, तीन खंड, इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहात आहे. सरकारी इंग्रजी आहे, जड जातं. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचावं. अख्खा खंड पाठवू नका, एका पानाचा फोटो पुरे.

वरवंटा

स्वयंपाकवाल्या मैत्रिणीला 'सीरियस ईट्स' ही स्वयंपाकाची साइट. इंग्रजी आहे, त्यामुळे अर्धं काम तुम्हाला करावं लागेल, मराठीत चार ओळी सांगाव्या लागतील. पण "असं का" याला तिथे खरं उत्तर मिळतं. कांदा परतताना जो लालसर रंग आणि खमंगपणा येतो त्यात मायार अभिक्रियेचा मोठा वाटा असतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर तापली की ती होते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर ती लवकर होते, पण कांदा लगदा होतो. म्हणजे ग्रेव्हीला चालेल, बिर्याणीवरच्या कुरकुरीत कांद्याला नाही. हे कळलं की ती स्वतःच प्रयोग करायला लागेल.

शुद्ध मराठीत हवं असेल तर मराठी विश्वकोश उघडा. वीसही खंड संकेतस्थळावर फुकट आहेत. 'आंबा' ही नोंद वाचा. लागवडीपासून कीड-रोगांपर्यंत इतकं नेमकं लिहिलंय की पेटी निवडताना आठवेल.

खाडीकाठ

ऐरोलीवाल्याच्या आणि माझ्या आवडी एकच दिसतात :) ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर खाडीच्या ठिकाणांची पानं त्याला बहुधा माहीत असतील. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट सांगते. बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक १८८६ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात मोफत वाचता येतात. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कुठला पक्षी कुठे पाहिला याची दोन-चार ओळींची टिपणं असतात त्यात. मुंबईच्या आसपासचं एखादं शोधून पाठवा आणि विचारा, आता तिथे काय दिसतं? तो शनिवारी जाऊन बघून येईल.

निवृत्त_मास्तर

सगळ्या सूचना उत्तम. मी पाठवण्याबद्दल बोलतो. ग्रुपवर लिंक टाकली की ती कुणालाच उद्देशून नसते, म्हणून कुणीच उघडत नाही. ज्याची आवड त्याला वैयक्तिक पाठवा, आणि सोबत एक वाक्य तुमचं स्वतःचं हवं: "तिसरा परिच्छेद वाच, तुझ्या बाबांच्या गाडीबद्दल आहे." फॉरवर्डच्या दोन बाणांखाली असं वाक्य नसतं, म्हणून लोक पुढे सरकतात.

चाळकरी

मास्तर, अर्धं पटलं. वैयक्तिक पाठवावं, पण रविवारी ज्याने वाचलं त्याने ग्रुपवर सांगावं. नाहीतर पाच वेगळ्या गप्पा होतील आणि ग्रुपवर फुलंच राहतील. रेल्वेवाल्याने ओवी ऐकावी यातच खरी मजा आहे.

निवृत्त_मास्तर

हे मान्य.

मुलुंडची_मनू

सगळ्यांचे मनापासून आभार. चाळकरींनी सांगितलं तसंच करणार: वाचन एकाला, बोलणं सगळ्यांत. न्यूट्रल सेक्शनचं कालच वसईला पाठवलं. त्याचा लगेच व्हॉइस मेसेज आला, त्याच्या रोजच्या मार्गावर दिवे नेमके कुठे जातात ते स्टेशनच्या नावासकट सांगितलं, आणि मग गिरगाववालीने विचारलं की डीसीच्या काळात काय व्हायचं. आता ते दोघं तिथेच अडकलेत.

दोन प्रश्न उरले. चांगलं काही दिसलं की साठवायचं कुठे? आधी 'पॉकेट' वापरायचे, ते जुलै २०२५ मध्ये बंद झालं. आणि सहाही जणांना एकत्र आवडेल असं काही आहे का?

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म

साठवायला 'इन्स्टापेपर' चालू आहे. नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करा आणि पुढे मित्राचं नाव लिहा, शोधताना नावाने सापडतं. पान पुढे गायब होईल अशी शंका असेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर त्याची प्रत जतन करून ठेवा.

जात्याकाठी

सहाही जणांसाठी 'किशोर'! बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचं. जुने अंक बालभारतीच्या किशोरच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तुम्ही सगळे सहावी-सातवीत होतात त्या वर्षाचा दिवाळी अंक शोधा. पीडीएफ मोठी असते, त्यामुळे फाइल पाठवू नका, अंकाची लिंक आणि पान क्रमांक द्या. घरी लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' बघा, मराठी गोष्टी चित्रांसकट आहेत.

वरवंटा

किशोरला +१. मुखपृष्ठाचा फोटो मात्र आधी पाठवा, वर्ष झाकून. ओळखतंय का कुणी बघा.