नेरुळच्या जुन्या फ्लॅटमध्ये साडेचार किलोवॉटचा गिझर शॉवरला जोडायचाय, आहे त्याच पॉइंटवर लावू का?

पामबीचचा_वारा

नमस्कार मंडळी. नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिसरा मजला, वर अजून एक मजला नि मग टाकी. हॉल-किचनची वायरिंग बाबांनी मधे एकदा बदलून घेतली होती, बाथरूमची मात्र मूळचीच. आईचे गुडघे गेलेत, तिला वाकून बादलीतलं पाणी घेणं जमत नाही म्हणून शॉवर करायचाय. ताई इंग्लंडला असते, तिच्याकडे भिंतीवर चपटा डबा असतो, त्यालाच शॉवर, बटण दाबलं की गरम पाणी, टाकीबिकी काही नाही. ती म्हणाली तसलाच पाठवते, पण त्यावर ९.५ किलोवॉट लिहिलेलं बघून मीच नको म्हटलं आणि इथलाच ३ लिटरचा ४.५ किलोवॉटवाला इन्स्टंट गिझर ऑनलाइन मागवला.

आता नाक्यावरच्या दुकानातला मुलगा येऊन बघून गेला, म्हणतो "साहेब सोळाचा पॉइंट आहे ना, मोठा प्लग लावतो, दहा मिनिटांचं काम." त्या पॉइंटला २.५ स्क्वेअर मिमीची वायर आहे, त्याच लाइनवर वॉशिंग मशीन पण आहे, डीबीमध्ये (घरातल्या स्विचांच्या मुख्य डब्यात) त्या लाइनला ३२ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). मला शंका आली ती एवढ्यासाठी की गिझरला कंपनीने प्लगच दिलेला नाही, नुसती टोकं बाहेर आहेत. लावू का नको?

वायरमन_वर्तकनगर

नको. कंपनीने प्लग दिला नाही तो विसरून नाही भाऊ, मुद्दाम दिला नाही.

गणित साधं आहे, ४५०० वॉट भागिले २३० म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. १६ च्या सॉकेटला हे रोज वीस मिनिटं ओढायला लावलं तर पहिल्या आठवड्यात काही होत नाही, म्हणून तर लोकांना वाटतं चालतंय. मग सॉकेटमधली पितळी पट्टी गरम होऊन सैल पडते, सैल पडली की अजून गरम होते, आणि एक दिवस प्लग काढायला जाता तर निघतच नाही, बिर्याणीच्या पातेल्याला भात चिकटावा तसा चिकटलेला असतो. असे सॉकेट मी दर थंडीत चार-पाच तरी काढतो.

दुसरं, २.५ च्या वायरवर ३२ ची एमसीबी कोणी लावली त्याला माझा नमस्कार. एमसीबी ही वायरीची राखण करायला असते. पाइपातली २.५ ची वायर वीस-बावीसच्या वर गरम व्हायला लागते, आणि तुमचा गिझर नि मशीनचा हीटर एकदम चालू झाला की तीसच्या आसपास जाणार. म्हणजे एमसीबी शांत बसणार नि भिंतीतली वायर शिजणार. कोणीतरी आधी २० ची सारखी पडत होती म्हणून ३२ ची बसवून गेला असणार, पैज लावतो.

करायचं काय, तर डीबीपासून गिझरसाठी स्वतंत्र ४ स्क्वेअरची तांब्याची लाइन ओढायची, फेज न्यूट्रल अर्थ तिन्ही नवीन, मधे जोड नाही. त्याला २५ ची डबल पोल एमसीबी, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारी. बाथरूमच्या बाहेर दरवाजाशेजारी ३२ चा डबल पोल स्विच, इंडिकेटरवाला, आणि तिथून थेट गिझरच्या टर्मिनलला. प्लग-सॉकेट हा प्रकारच नको. शॉवरखाली उभं राहून ओला हात पोचेल अशा जागी कुठलंही बटण ठेवायचं नाही. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, पाहिजेच. तुमच्या डीबीत आहे का? फोटो टाका.

खारेगाव_टोलनाका

एवढा खटाटोप कशाला, गॅस गिझर लावा, पाइप गॅस असेल तर बिल पण कमी येतं.

कोपरखैरणे_काकू

बंद बाथरूममध्ये गॅस गिझर अजिबात नको हो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस आत आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो नि बाहेरच्यांना वाटतं वेळ लागतोय. बाहेर मोकळ्या हवेत लावायला जागा असेल तरच, आणि सिडकोच्या घरात ती कुठून आणणार, आमच्याकडे तर कुंडी ठेवायला जागा नाही.

इंग्लंडवाला नको म्हटलंत ते बरोबर केलंत. मी फिजिक्स शिकवायचे म्हणून राहवत नाही, सांगते. तिकडे थंडीत नळाचं पाणी ८-१० डिग्रीचं येतं, ते ४० पर्यंत न्यायचं म्हणजे तीसेक डिग्री चढवायचे, म्हणून त्यांना नऊ-दहा किलोवॉट लागतात, त्याला ४० अँपिअरची वेगळी लाइन नि १० स्क्वेअरची केबल असते. आपलं टाकीचं पाणी जानेवारीत पहाटे धरा २२. अठराच डिग्री चढवायचे. साडेचार किलोवॉटमध्ये मिनिटाला साडेतीन लिटर सतत मिळेल. धो धो नाही पण आईंना स्टुलावर बसून आंघोळ करायला पुष्कळ. ३ किलोवॉटवाला घेतला असतात तर अडीच लिटरच्या आत, ती मात्र करंगळीएवढी धार.

पामबीचचा_वारा

धन्यवाद काकू, दादा. डीबीचा फोटो टाकलाय. आरसीसीबी नाहीये. पण अर्थिंग एकदम मस्त आहे, मल्टिमीटरने बघितलं, फेज-अर्थ २३१ व्होल्ट, आणि न्यूट्रल-अर्थ चक्क शून्य. वॉशिंग मशीन गरम पाण्यावर चालू असताना पण शून्यच.

वायरमन_वर्तकनगर

मशीनचा हीटर चालू असताना पण शून्य?? भाऊ मला हे आवडलं नाही. खऱ्या अर्थिंगला लोडवर एक-दोन व्होल्ट तरी दिसतात, कारण न्यूट्रलच्या वायरीत थोडा व्होल्टेज पडतोच. ठोक शून्य म्हणजे सॉकेटच्या मागे कोणीतरी न्यूट्रलपासून अर्थला वायरीचा तुकडा मारलेला असणार, जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थ खालपर्यंत जातच नसली की हे करतात, तीन पिनांचं समाधान. मेन बंद करून माणसाकडून उघडून बघा, स्वतः नको.

नौपाड्यातला_जावई

वरच्याला दुजोरा. आमच्या सासुरवाडीला हेच होतं, कोणाला पत्ता नाही. एके दिवशी पावसाळ्यात मीटररूममध्ये न्यूट्रल सैल झाला, घरातले दिवे बंद, फ्रिज बंद, सगळ्यांना वाटलं लाइट गेले. लाइट गेले नव्हते, फेज येतच होता, परतीचा रस्ता तुटला होता. मग तो फेज बल्बातून फ्रिजातून न्यूट्रलवर नि त्या तुकड्यावरून गिझरच्या पत्र्यावर. सासूबाईंनी लाइट गेले म्हणून ओल्या हाताने गिझरचा नळ बंद करायला घेतला नि फेकल्या गेल्या. मनगट मोडलं, बाकी वाचल्या. एमसीबी पडली का? नाही, पडायचं कारणच नव्हतं, तिच्या दृष्टीने सगळं नॉर्मल.

पामबीचचा_वारा

मंडळी, काल काम झालं. परवानाधारक वायरमन शोधला, मागचा मुलगा नाही. सॉकेट उघडल्यावर आत बोटाच्या पेराएवढा लाल वायरचा तुकडा, न्यूट्रल ते अर्थ, नीट पिळून बसवलेला. मूळ हिरवी वायर मागे गुंडाळून टेप मारून ठेवलेली, ती खाली मीटररूमपर्यंत जाते पण तिथे पट्टी गंजून तुटलेली. सेक्रेटरींना दाखवलं, आधी म्हणाले पुढच्या मीटिंगला घेऊ, मग त्यांच्याच घरी मल्टिमीटर लावून दाखवल्यावर संध्याकाळी माणूस बोलावला 😄 अर्थिंगचा खड्डा नवीन करून पट्टी बदलली.

घरात ४ ची लाइन, २५ डबल पोल, बाहेर स्विच, सगळं दादांनी सांगितल्याप्रमाणे. मशीनच्या लाइनला ३२ काढून २० ची टाकली. फक्त अख्ख्या घराची ४० ची आरसीसीबी लावली ती हॉलचा पंखा लावला की पडते. वायरमन म्हणतो काढून टाकू का?

वायरमन_वर्तकनगर

काढायची नाही! ती खराब नाहीये. जेवढा करंट फेजमधून गेला तेवढाच तिच्यातल्या न्यूट्रलमधून परत यायला पाहिजे, ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ती पाडते. तुमच्या हॉलचा न्यूट्रल कुठेतरी दुसरीकडून घेतलेला असेल किंवा अर्थला लागत असेल. ते शोधायला एक दिवस जाईल. तोपर्यंत गिझर थांबवू नका, त्या एकट्या लाइनवर २५ ची आरसीबीओ टाका, म्हणजे एमसीबी नि आरसीसीबी एकाच डब्यात, ३० मिलिवाली, डबल पोल. लोहार चाळीत गेलात तर कुठल्याही कंपनीची मिळेल. पण हॉलचं शोधायचं सोडू नका. आणि तिच्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, खट्कन पडली पाहिजे.

बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. एसी, इस्त्री नि हा गिझर एकत्र चालवला तर ३० च्या वर जाल, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

पामबीचचा_वारा

आरसीबीओ बसली, बटण दाबलं की पडते. भार वाढवायचा अर्ज आज टाकला. आई सकाळी पहिल्यांदा शॉवरखाली बसली, बाहेर येऊन म्हणाली पाणी छान आहे पण धार कमी आहे, बादली भरून ठेवत जा बाजूला.

कोपरखैरणे_काकू

एक मजला वर टाकी म्हटल्यावर प्रेशर ते किती येणार. बारीक भोकांचा हँड शॉवर आणा, आणि आईंना सांगा बादली रिकामीच ठेवा म्हणावं 😊