मदत हवी आहे: जनुक दोन्हीकडे सारखंच, मग बाळाचं एकाच बाजूचं मूत्रपिंड का झालं नाही?

वहिनीला विसावा आठवडा चालू आहे. परवाच्या ॲनोमली स्कॅनमध्ये बाळाचं डावं मूत्रपिंड दिसलं नाही. उजवं नीट आहे, गर्भजलही पुरेसं आहे. डॉक्टरांनी धीर दिला, पण घरात आत्या म्हणतात ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. वहिनी तर सुरुवातीला कुठली गोळी घेतली होती तेच आठवत बसते आणि रडते. मला तिला खरं कारण सांगायचंय.

वाचून समजलं ते असं. गर्भाच्या पाचव्या आठवड्यात, म्हणजे पाळीपासून मोजलं तर सातव्यात, वुल्फियन नलिकेला (गर्भातली एक सुरुवातीची नळी, दोन्ही बाजूंना एकेक) एक कोंब फुटतो; मूत्रपिंड त्यातूनच घडत जातं. शेजारच्या पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, नलिकेवरचा रेट हा रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन) ते ओळखतो आणि कोंब तिकडे वाढून फांद्या फोडतो. कोंबाकडून डब्ल्यूएनटी-९बी या प्रथिनाचा उलट संदेश गेला की त्या शेजारच्या पेशींचे नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या, बनू लागतात. १९९६ मध्ये जीडीएनएफचं जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्लं मूत्रपिंडांविना जन्मली आणि दगावली.

पण जनुक तर प्रत्येक पेशीत तेच असतं. मग उजवीकडे जमलं ते डावीकडे का नाही? आणि जनुकीय तपासणी करावी का?

प्रतिसाद १
मी विकासजीवशास्त्र शिकवते. जीडीएनएफच्या जनुकाची दोनऐवजी एकच प्रत असलेल्या उंदरांत नेमकं हेच दिसतं: काही पिल्लांना दोन्ही मूत्रपिंडं, काहींना एकच. संदेश जेमतेम पुरेल इतकाच असला की बारीकशा फरकानेही एका बाजूचा कोंब फुटतो, दुसऱ्या बाजूचा राहतो. संदेशाला लगामही असतो. स्प्राउटी-१ हे जनुक काढलं की जादा कोंब फुटतात, पण त्याच उंदरांत जीडीएनएफची एक प्रत कमी केली की विकास पुन्हा सुधारतो! माणसांत पॅक्स-२, एचएनएफ-१बी, ईवायए-१ अशा जनुकांत बदल सापडतात, तरी बहुतेक बाळांत ठोस कारण हाती लागत नाही. आईचा ताब्यात नसलेला मधुमेह धोका वाढवतो. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही, हे आत्यांना माझ्यातर्फे सांगा. गोळीचं नाव मात्र डॉक्टरांना जरूर सांगा, म्हणजे वहिनींच्या मनातली शंका जाईल.

प्रतिसाद २
मी बालरोग विभागात काम करतो. आधी डावं मूत्रपिंड खाली ओटीपोटात तर नाही ना, हे पुन्हा बघायला सांगा. आईबाबांचीही साधी सोनोग्राफी करून घ्या. आपल्याला एकच मूत्रपिंड आहे हे काहींना तेव्हाच कळतं. बाळात आणखी दोष दिसला, किंवा नात्यात कुणाला तरुणपणीच मधुमेह किंवा लहानपणापासून बहिरेपण असेल, तर जनुकीय सल्ला नक्की घ्या. जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी आणि पुढे रक्तदाब, लघवीतलं प्रथिन नियमित तपासत राहा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. वहिनीच्या सख्ख्या मावशींना लहानपणापासून कमी ऐकू येतं, कानापुढे बारीक छिद्रंही आहेत. हे आजवर कुणी डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. उद्याच सांगतो.