रोज मरे त्याला कोण रडे?

रद्दीतला_राजा (धागाकर्ता)

परवा भाच्याने विचारलं, "मामा, सुपरमॅन मेला होता म्हणे?"
"हो. नोव्हेंबर १९९२ मध्ये."
"मग?"
"मग आला परत. वर्षभराच्या आत."
"हं," म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये घुसला.

त्या "हं"मुळे हा धागा. सुपरमॅनचा तो ७५ क्रमांकाचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला होता. आत दंडाला बांधायची काळी फीतसुद्धा होती, म्हणजे सुतकाची सोय कंपनीनेच केलेली. अंकाच्या कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. आधीच्या अंकात पानाला चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन आणि शेवटच्या अंकात प्रत्येक पानभर एकच चित्र. त्याला मारणारा राक्षस डूम्सडे जवळ येतो तसा वाचकाचा श्वास आखडत जावा, अशी ती मांडणी. लाखो प्रती खपल्या.

पण हे मरण आलं कुठून? क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं लग्न कॉमिक्समध्ये ठरलं होतं. तेवढ्यात त्याच जोडीवर टीव्ही मालिका काढायचं ठरलं, म्हणून कॉमिक्समधलं लग्न पुढे ढकललं. मोकळ्या पडलेल्या महिन्यांत काय छापायचं, तर याला मारू या. लग्नाचा मुहूर्त टळला म्हणून घरच्यांनी अंत्ययात्रा काढली! (लग्न पुढे १९९६ मध्ये लागलं.)

आपल्याकडे माणूस 'गेला' म्हणतात. हे लोक खरंच नुसते जातात. गावाला जातात, हवापालट करून येतात. २०११ च्या जानेवारीत फँटास्टिक फोरमधला जॉनी स्टॉर्म गेला, त्याचाही अंक पिशवीबंद. नोव्हेंबरात हजर. वर्षश्राद्धसुद्धा होऊ दिलं नाही.

माझं म्हणणं : पात्र कंपनीच्या मालकीचं असतं, चड्ड्यांपासून दप्तरांपर्यंत सगळीकडे त्याचं चित्र विकायचं असतं. ज्याला म्हातारं व्हायची परवानगी नाही, त्याला मरायचीही नसते. मग आपण का रडावं?

तिरकी_रेघ

'त्याला मरायचीही नसते' हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण खोटं आहे. ग्वेन स्टेसी, स्पायडरमॅनची मैत्रीण. जून १९७३, स्पायडरमॅनचा अंक १२१.

खलनायक गोब्लिन तिला पुलावरून ढकलतो. पीटर (म्हणजे स्पायडरमॅन) जाळं टाकून पाय पकडतो, वाचवलं म्हणून खूश होतो, वर ओढतो तर ती गेलेली. चित्रात तिच्या मानेजवळ 'स्नॅप' एवढा बारीक आवाज लिहिलाय. घाईत वाचाल तर दिसणारही नाही. म्हणजे पडून मेली की जाळ्याच्या हिसक्याने? संपादकांनी पुढे पत्रव्यवहाराच्या पानावर हिसक्यानेच असं सांगून टाकलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आणि खरा घाव पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. पीटर घरी येतो. तिथे मेरी जेन बसलेली, तोवरची उथळ, पार्ट्यांत रमणारी मुलगी. तो तिच्यावर खेकसतो, निघून जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते. थांबते. आणि दार आतून लावून घेते. ना भाषण, ना अश्रूंचा पूर. त्या दारासाठी मी अख्खं सुपरमॅन प्रकरण ओवाळून टाकीन.

म्हणून माझं मत : परत येईल की नाही हा मुद्दाच गौण. मागे राहिलेल्यांना किती पानं दिली, ते बघा. अभिमन्यू चक्रव्यूहात मरणार हे पोराटोरांना ठाऊक असतं, तरी कीर्तनात तो प्रसंग आला की आजी पदर डोळ्यांना लावतेच ना?

रद्दीतला_राजा

दारावर सहमत. बाकी नाही. अभिमन्यू पुढच्या महिन्यात नव्या पोशाखात परत येत नाही हो! त्याच्यामागे परीक्षित गादीवर बसतो, म्हणजे कथा पुढे सरकते.

आणि ग्वेन माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. अंकाच्या नावात ती नव्हती, म्हणून मरू शकली. तिला मारणारा गोब्लिन बघा. पुढच्याच अंकात स्वतःच्या ग्लायडरने भोसकला जाऊन मेला आणि १९९६ मध्ये ठणठणीत परतला.

खमंग_काकडी

थोडक्यात : मैत्रीण मेली की मेली, बाप्ये हवापालट करून येतात. तरी ग्वेनला तरी कुठे सुखाने मरू दिलंय. दोन वर्षांत तिचा क्लोन आणला, २०१४ मध्ये दुसऱ्या विश्वातली ग्वेन स्वतःच कोळीण (स्पायडर-वूमन) होऊन आली. (ती मला आवडते, तो भाग वेगळा.)

जमैका_बे

काकडीताई, बाईमाणूसही परतते. एक्स-मेनमधली जीन ग्रे विसरलात?

१९८०, एक्स-मेन १३७. लेखक क्लेअरमाँट आणि चित्रकार बर्न यांचा मूळ बेत तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचा होता. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले : हिने तारा गिळून लोकांनी भरलेला अख्खा ग्रह संपवलाय, शिक्षा एवढीशी? मग शेवट बदलला आणि चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत, ती स्वतःला संपवते. घाईघाईत बदललेला शेवट इतका उतरू शकतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

१९८६ मध्ये काय केलं? जीन न्यूयॉर्कच्या जमैका बेच्या तळाशी एका कोशात झोपलेली सापडली. मेली ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली फीनिक्स शक्ती होती. म्हणजे सहा वर्षं ज्या प्रेताशेजारी बसून आपण रडलो, ते दुसऱ्याचंच निघालं. ग्रह संपवल्याचं पापही तिचं नाही आणि प्राण दिल्याचं पुण्यही तिचं नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंना सांगतो, परतण्यापरतण्यात फरक आहे. 'मेला होता, आता आलाय' हे मी पचवीन. 'मेलाच नव्हता' म्हटलं की जुना अंक उघडायची इच्छाच जाते.

एडिसनकर

मी तेव्हा न्यू जर्सीत शाळेत होतो म्हणून लिहितोय. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या दुसऱ्या रॉबिनचं, जेसन टॉडचं मरण डीसी कंपनीने फोनच्या मतदानावर सोडलं होतं. जोकरने त्याला पहारीने झोडपलंय, स्फोट झालाय, अंक संपला. मागे दोन नंबर. एक जगवा, एक मारा. कॉलला ५० सेंट. आमच्याकडे बाबा फोनचं बिल ओळीओळीने वाचायचे, त्यामुळे माझं मत वाया गेलं.

निकाल : मारा ५,३४३, जगवा ५,२७१. फरक ७२. ग्रामपंचायतीची निवडणूक वाटावी असा.

इतक्या बाजारू पद्धतीने घडवलेलं मरण टिकायला नको होतं, पण टिकलं. कारण बॅटमॅनच्या गुहेत त्याचा गणवेश काचेच्या कपाटात उभा राहिला आणि वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या लेखक-चित्रकारांच्या हाती, पार्श्वभूमीला तसाच राहिला. बोलायची गरजच नाही, कपाट दिसलं की झालं.

२००५ मध्ये तो रेड हूड होऊन परतला. कसा, तर दुसऱ्याच एका पात्राने वास्तवाच्या भिंतीवर गुद्दे हाणले, त्या हादऱ्याने हा थडग्यात जागा झाला. हसा, मीही हसलो. पण परत येऊन तो बॅटमॅनला विचारतो काय? मला मारणारा अजून जिवंत कसा? मला मारलं याबद्दल तक्रार नाही, त्याला सोडलंस याबद्दल आहे. तो प्रश्न मेलेल्यानेच येऊन विचारायला हवा होता. इथे परतण्याने मरण जड झालंय, राजाभाऊ. तुमच्या सिद्धांतात हे कुठे बसतं?

रद्दीतला_राजा

बसत नाही. त्या एका कथेपुरता हरलो. पण त्यानंतर? प्रश्न विचारून झाल्यावरही पठ्ठ्या राहिलाच. आज तो त्याच कुटुंबात टोमणे मारत फिरतो, आणि कपाट म्हणजे नुसती अडगळ झाली. कथेला हवा होता तेवढाच परत आणला असता तर मी टोपी काढली असती.

वॉलीचा_चाहता

कुणी फ्लॅशबद्दल, म्हणजे त्या विजेच्या वेगाने धावणाऱ्या नायकाबद्दल, बोलेना म्हणून. तो मुखवटा घालणारा बॅरी ॲलन १९८५ मध्ये गेला, परतला २००८ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत बहुतेक काळ त्याचा पुतण्या वॉली वेस्ट फ्लॅश होता. आधी काकाच्या सावलीत खुरडणारा, मग त्याच्याही पुढे धावणारा. आमच्यासाठी फ्लॅश म्हणजे तोच. बॅरी मेला तेव्हा मी रडलो नाही, ओळखतच नव्हतो. परतला तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला, कारण आता वॉलीचं काय, हे दिसत होतं.

कवटीगुहा

इंद्रजाल कॉमिक्स वाचणारे सगळे म्हातारे झाले की काय? वेताळ (फँटम) घ्या की! ली फॉकने १९३६ मध्येच हा गुंता सोडवून ठेवला होता. बाप मरतो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच मुखवटा घालतो. आपण वाचायचो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. आपल्याला मात्र गुहेत ओळीने वीस थडगी दिसतात. धंदाही चालू आणि मरणही खरं.

तिरकी_रेघ

कवटीगुहा, पण एकविसावा १९३६ पासून एकविसावाच आहे! त्याला कुठे मरू दिलंय?

कवटीगुहा

...हे मात्र लक्षात आलं नव्हतं. बसतो गप.

शांत_वॉर्ड

इतकी वर्षं नुसती वाचते, आज लिहिते. मार-व्हेलचं, म्हणजे कॅप्टन मार्व्हलचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? १९८२, जिम स्टार्लिन. जेसनची कथा लिहिणाराही तोच, पण हा माणूस वेगळाच भासतो. वडील कॅन्सरने गेले ते मनात ठेवून त्याने हे पुस्तक केलं.

नायकाला जुन्या लढाईतल्या विषारी वायूमुळे कॅन्सर झालाय. विश्वातले सगळे हुशार डोके लावून बसतात आणि जमत नाही. मित्र येतात, काय बोलावं कळत नाही, एकाला तर तिथे थांबवतच नाही. शत्रू असलेल्या स्क्रल लोकांचा सेनापती येऊन पदक देऊन जातो. ठोसा मारायला समोर कोणी नाही. मी ज्या वॉर्डात काम करते तिथे भेटीच्या वेळात अशीच माणसं येतात. फळं टेबलावर ठेवतात आणि खिडकीबाहेर बघतात.

कंपनीच्या मालकीचं पात्र ते, राजाभाऊ. नावही त्याचंच मुखपृष्ठावर होतं. तरी तो मेला.

रद्दीतला_राजा

ताई, तुमच्या प्रतिसादानंतर माळ्यावरून ते पुस्तक काढून भाच्याला दिलं. मोबाईल बाजूला ठेवून एका बैठकीत संपवलं. जेवताना काही बोलला नाही. झोपायच्या आधी येऊन विचारलं, "मामा, हा परत कधी येतो?"

काय सांगू?

जमैका_बे

येत नाही म्हणा. २००७ मध्ये तो परत आलाय असं वाटलं आणि पुढे त्याचं रूप घेतलेला स्क्रल निघाला, ते इतक्यात सांगू नका.