ब्रीत: 'करार' की 'युती'? (आणि तिथे 'तारण' चालेल का?)

सुरंगी
बायबलमधल्या स्तोत्र ८३ चं हिब्रूवरून मराठी करते आहे. पाचव्या वचनाशी अडले: 'अलेखा ब्रीत यिख्रोतू'. शत्रू परमेश्वराविरुद्ध 'ब्रीत कापतात', आणि लगेच पुढे दहा नावं येतात: अदोम, इश्माएली, मवाब, हगरी, गबाल, अम्मोन, अमालेक, पलेशेथ, सोर, अश्शूर. मी 'करार' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, 'जुना करार' आणि 'नवा करार' यातला शब्द शत्रूंना देऊ नका, 'युती' करा. याच संग्रहात २ इतिहास २०:१७ पण आहे. तिथल्या 'येशुआ'साठी (संकटातून सुटका) 'तारण' ठेवू का?

मोडीवाचक
'करार'च ठेवा. ब्रीत हा शब्द मुळात सोवळ्यातला नाही. उत्पत्ती १४:१३ मध्ये मम्रे, अष्कोल आणि आनेर हे अमोरी लोक अब्रामाचे 'बआले ब्रीत' आहेत, म्हणजे लढाईतले साथीदार. यहोशवा ९ मध्ये गिबोनकर शिळी भाकरी आणि फाटके बुधले दाखवून फसवतात आणि ब्रीत पदरात पाडून घेतात. फसवणूक उघडी पडल्यावरही ती पाळली जाते. स्तोत्रकाराचा सगळा जोर या एका शब्दावर आहे. ज्या शब्दाने परमेश्वराने इस्राएलला बांधून घेतलं, तोच शब्द दहा राष्ट्रं त्याच्यावर उलटवतात. 'युती' लिहिलंत की हा धागा तुटलाच.

वचनांचे आकडेही सांभाळा. हिब्रू प्रतीत 'आसाफाचं स्तोत्र' हे शीर्षकच पहिलं वचन धरतात, त्यामुळे तुमचं पाचवं तिथे सहावं. तळटीपा हमखास इथे चुकतात.

पानवल
'युती' नको हे मान्य. आजचा वाचक ते वाचून थेट जागावाटपात जातो. पण 'करार' तरी कशाला? तो अरबीतून आलेला, दस्तऐवजी शब्द. आपल्याकडे 'संधी' आहे, संधिविग्रहातला. तो घ्या.

मोडीवाचक
'शत्रू तुझ्याविरुद्ध संधी करतात' हे वाक्य आज कोणाला कळेल? 'संधी' आता फक्त नोकरीची नाहीतर व्याकरणातली उरली आहे. 'करारमदार' मराठीत मुरून शतकं झाली. आणि हिब्रूसाठी शब्द शोधताना अरबीचा विटाळ मानणं विचित्रच, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या.

अक्षरमित्र
क्रियापदाचं काय करणार? 'करार कापणे' मराठीत उभं राहत नाही. ते 'कापणं' खरंखुरं आहे: यिर्मया ३४:१८ मध्ये वासराचे दोन भाग करून लोक त्यांच्या मधून चालत जातात. 'बेलभंडारा उचलणे' किंवा 'आणाभाका घेणे' इतक्या तोलाचं काही हवं. बेलभंडाऱ्यात खंडोबा येतो म्हणून तो बाद. 'आणाभाका' चालावं.

सुरंगी
आणाभाका हल्ली प्रेमिकांच्याच होतात. 'तुझ्याविरुद्ध करार बांधतात' कसं वाटतं?

पानवल
'बांधणे' इथे वापरून टाकू नका, ते 'केशेर'साठी लागेल. 'काशर' म्हणजे गाठ मारणे, बांधणे. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात ६:८ मध्ये वचनं हाताला चिन्ह म्हणून बांधायची आहेत, तिथे हाच धातू. यशया ८:१२ मध्ये 'हे लोक ज्याला केशेर म्हणतात त्याला तुम्ही केशेर म्हणू नका' असं येतं. सगळे तिथे 'कट' लिहितात. 'संधान बांधणे' हा आपला वाक्प्रचार अर्थानेही बसतो आणि रूपानेही.

अक्षरमित्र
'मोट बांधणे' त्याहून सरस. विहिरीवरच्या मोटेला जसा कासरा बांधतात तशी सगळ्यांची...

मोडीवाचक
त्या मोटेचा इथे संबंध नाही. ही मोट म्हणजे गाठोडं, बोचकं. म्हणूनच ती बांधतात आणि सुटते. विहिरीची मोट हाकतात.

रेवदंडा
कोणत्या उताऱ्यात कोणता शब्द आहे ते आधी बघू या. शत्रू एकत्र येण्याला हिब्रूत एकच शब्द नाही. यहोशवा ९:२ मध्ये राजे 'पे एहाद', एका तोंडाने, जमतात. यशया ७:२ मध्ये 'अराम एफ्राइमावर (म्हणजे इस्राएलवर) टेकला' अशी अक्षरशः रचना आहे, धातू 'नूअह', म्हणजे विसावणे. ही इ.स.पू. ७३४ च्या आसपासची गोष्ट. दमास्कसचा रसीन आणि इस्राएलचा पेकह मिळून यरुशलेमवर येतात. यहूदाचा राजा आहाज याला काढून ताबेलाच्या मुलाला गादीवर बसवायचं असतं.

तुमचं २ इतिहास २० तर आणखी वेगळं. मवाब, अम्मोन आणि सेईरचे लोक मृत समुद्राच्या काठी एन-गेदीपर्यंत येतात, पण त्यांच्यासाठी युतीवाचक शब्दच नाही, ते नुसते 'येतात'. 'हाबर', म्हणजे जोडून घेणे, हा धातू अध्यायाच्या शेवटी ३५ ते ३७ या वचनांत तीनदा येतो आणि तिन्ही वेळा खुद्द यहूदाचा राजा यहोशाफाट याच्यासाठी! तो इस्राएलच्या अहज्याशी जोडून घेऊन एझ्योन-गेबेरला जहाजं बांधतो आणि ती फुटतात. शत्रूंची फौज आपसात कापाकापी करून संपते आणि तारलेल्या राजाची भागीदारी बुडते. अनुवादात शत्रूंनाही 'युती केली' असा शब्द दिलात तर लेखकाची ही रचना पुसली जाईल.

सुरंगी
हे फार उपयोगी. मग १७ व्या वचनाचं?

रेवदंडा
'उभे राहा आणि परमेश्वराची येशुआ पाहा' हे निर्गम १४:१३ चं जवळजवळ जसंच्या तसं वाक्य आहे, तांबड्या समुद्रापाशी मोशे बोलतो ते. दोन्हीकडे एकच शब्द ठेवा. तो कोणता, हे त्यानंतरचं.

पानवल
'तारण' नको. बाहेर पाटी वाचा: सोनेतारण कर्ज, विनातारण कर्ज.

अक्षरमित्र
बुडू देत नाही ते तारण, कर्जातलंही आणि भक्तीतलंही. संदर्भ अर्थ सांगतोच. 'मुक्ती' घ्यायची तर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचं नाव आहेच, आणि यशया ६०:१८ मध्ये नगराच्या तटाला 'येशुआ' म्हटलंय.

मोडीवाचक
मुक्ती म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आठवतो. इथे सीसच्या चढणीने वर येणारी फौज आहे. येशुआ हा रणांगणावरचा शब्द. २ राजे १६:७ मध्ये आहाज अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराला येशुआच्याच धातूतलं 'होशीएनी' म्हणतो, 'ये आणि मला सोडव', आणि मंदिरातलं सोनं-चांदी धाडतो. त्याला तारण हवं नव्हतं, वेढा उठायला हवा होता. मवाबी राजा मेशाच्या शिळेवर (१८६८ मध्ये दीबानला सापडलेली, इ.स.पू. नवव्या शतकातली) हाच धातू आहे: कमोशने (मवाबच्या देवाने) मला सर्व राजांपासून सोडवलं. त्याच मेशावर २ राजे ३ मध्ये इस्राएल, यहूदा आणि अदोम एकजुटीने चालून जातात. त्याच्या बाजूने शत्रूंची युती म्हणजे हीच!

अक्षरमित्र
धातूचा मूळ अर्थ 'ऐसपैस होणे' ना? अरबी 'वसिअ'. कोंडीतून मोकळ्या जागेत, स्तोत्र ११८:५ सारखं.

मोडीवाचक
ती व्युत्पत्ती जुन्या कोशांत आहे, पण ध्वनी जुळत नाहीत. प्राचीन दक्षिण अरबी नावांत हा धातू 'थ'ने दिसतो, 'वसिअ'त 'स' आहे. आणि स्तोत्र ११८:५ मध्ये अरुंद-रुंद हे शब्द वेगळेच आहेत, 'मेत्सार' आणि 'मेरहाव'.

रेवदंडा
'सोडवणे' मात्र 'नात्साल'साठी राखा. ते हातातून हिसकावून घेणं आहे. सीरियातल्या जक्कूर राजाच्या शिळेवर दमास्कसच्या बार-हदादाची मोट त्याच्यावर येते तेव्हा बआल-शमाइन हा देव म्हणतो, 'भिऊ नकोस, या सर्व राजांपासून मी तुला सोडवीन', तिथेही भाव हाच आहे. पेसाह (वल्हांडण) सणाला यहुदी वाचतात त्या हग्गादातही 'पिढ्यानपिढ्या आमच्यावर उठतात आणि तो आम्हाला त्यांच्या हातून सोडवतो' यात 'नात्साल'च. बेने इस्राएलांची (मराठी यहुद्यांची) मराठी हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. कोणाजवळ पुणे प्रत असेल तर त्या ओळीचं मराठी इथे टाका.

पानवल
आणि 'मोट बांधणे'चं जुनं उदाहरण मिळालं तर तेही. गाठोड्यापेक्षा विहीरच मला पटते, कारण नाड्याला दोन बैल...

मोडीवाचक
नाडा ओढायला असतो, बांधायला नव्हे.