मोर्च्यात असताना आत काय चालू होतं? (अनुभव लिहा)

रानजाई: फोनने सकाळी जुना फोटो वर काढला. ४ ऑक्टोबर २०१९, आरे, रात्र. दिवसा हायकोर्टाने मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि रात्रीच करवती सुरू. सोमवारी सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. मी बॅरिकेडला धरून रडत होते, खरंच रडत होते. पण चॅनेलवाला कॅमेरा वळला तशी मी ओढणी नीट केली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमचंही असलं काही असेल तर लिहा. भाषणं नकोत.

खमंगकाकडी: ओढणी सगळेच नीट करतात गं. आमच्यात एकजण कडक इस्त्रीचा झब्बा घालूनच यायचा. पोलिसांची गाडी दिसली की पहिला गायब 😄

तापीकाठ: गावातल्या दारूबंदीचं मतदान, उभी बाटली आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. मतदानाला आलेल्यांतून नाही, यादीतल्या एकूण बायकांतून निम्म्याच्या वर आडवी लागते, म्हणून तीन आठवडे दारोदार. सुरतेला गेलेल्या सुनासुद्धा बोलावून घेतल्या. दुकान बंद झालं, गुलाल बिलाल. घरी आले तर लेक तापाने फणफणलेली, सासूबाई मुकाट्याने कपाळावर घड्या ठेवतायत. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुकर झाला, नंतर लिहिते

निम्मापुणेकर: @तापीकाठ मग आता शेजारच्या गावातून येत असेल ना?

तापीकाठ: येते की. ढाब्यावरून. त्याचा वेगळा धागा काढा

चष्मिष्ट: दाभोलकरांच्या खुनानंतर अंनिसकडे (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) वळलो. खून झाला त्या ओंकारेश्वरच्या पुलावर दर २० तारखेला, खुनाच्या तारखेला, जायचो. डोक्यात नुसता राग. तो निघाला आजीवर. तिच्या संकष्टीची पाहुण्यांसमोर टिंगल केली, सगळे हसले. शिबिरात एका काकांना शौर्य म्हणून सांगितलं तर म्हणाले, लुबाडतो तो बुवा, तुझ्या आजीने कुणाला लुबाडलं? आजी मात्र तेव्हापासून संकष्टीचं ताट आतल्या खोलीत नेऊन जेवायची. शेवटपर्यंत. मी एकदाही बाहेर ये म्हटलं नाही.

रानजाई: 🙏

खमंगकाकडी: अरे देवा. म्हणजे, सॉरी, सवय 😅

चष्मिष्ट: चालतंय हो

उंबरठा: संकष्टीवरून आठवलं, या वेळचा चंद्रोदय किती वाजता? कालनिर्णय माळ्यावर गेलंय

निम्मापुणेकर: मुंबईचा की पुण्याचा?

उंबरठा: नाशिक

तापीकाठ: आले परत. भात खाली लागला.