पूर आणि लोकसंख्या: थोडी भर

‘लोकसंख्या वाढली म्हणूनच पूर वाढले’ हे विधान मला अर्धेच पटते. पाऊस डोकी मोजून पडत नाही. नुकसान मात्र माणसे आणि मालमत्ता कुठे वसवली, यावर ठरते. नाशिक शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे पावणेअकरा लाख होती, ती २०११ मध्ये पंधरा लाखांच्या जवळ गेली, आणि या वाढीत गोदावरीकाठची जमीन महाग झाल्याने निळी पूररेषा (नदीच्या पुराचे पाणी कुठवर येऊ शकते, ते दाखवणारी सरकारी रेषा) ही बांधकामाची मर्यादा न राहता वाटाघाटीचा विषय बनली. २००८ आणि २०१६ च्या पुरांत सराफ बाजारात पाणी शिरले. गोदेचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून जुने नाशिककर पुराचा अंदाज बांधत. आता काठाच्या काँक्रीटमुळे पाणी जिरत नाही आणि पात्राला पसरायला जागाही उरत नाही.

तरीही आर्थिक वाढीला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली, तर २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात वेळीच झालेल्या स्थलांतरामुळे मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. पैसा इशारा आणि निवारा देतो. जमिनीखालचे पाणी मात्र तो वाढवून देत नाही. आपल्या बेसाल्टमध्ये (काळ्या खडकात) पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांतच, म्हणजे मर्यादितच साठते, त्यामुळे ठिबक सिंचनाने वाचवलेल्या पाण्यावर शेजारी आणखी एक द्राक्षबाग उभी राहिली (आणि ती राहतेच), तर बचत कागदावरच राहते.