ग्रीन टी प्यायची की लावायची?
सुरकुत्यांसाठी ग्रीन टी नुसती प्यायची की चेहऱ्याला पण लावायची असं विचारलंय ना, तर लावा की, पण एकदाच उकळून बाटलीत भरून आठवडाभर पुरवू नका. त्यातलं ईजीसीजी नावाचं कॅटेचिन, म्हणजे ज्या अँटिऑक्सिडंटसाठी हा सगळा खटाटोप तेच, हवा लागली की ऑक्सिडाइझ होतं, पाणी तपकिरी दिसायला लागलं की समजायचं गेलं कामातून. मी थोडीशीच करते, पूर्ण गार झाली की कापसाने लावते. खोल सुरकुत्या जातील वगैरे अजिबात नाही हं! आणि सनस्क्रीनला सुट्टी नाही, उन्हाने कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रोटीन, तुटतंच. डोळ्यांखालची सूज मात्र फ्रिजमधल्या गार टी बॅगने जरा उतरते, त्यात गारव्याचाच हात जास्त असावा.